दुहेरी डबीचे इंग्रजी घड्याळ

इंदूरच्या राजवाड्यापासून थोडे चालत गेले की खान नदीचा काठ लागतो. या नदीला आता कान्ह असेही म्हणतात. काठावर होळकर घराण्यातील तीन छत्र्या उभ्या आहेत. त्यांपैकी एक यशवंतराव होळकरांच्या पत्नी कृष्णाबाई यांची, दुसरी दुसऱ्या तुकोजीरावांची आणि तिसरी शिवाजीरावांची. या भागाला कृष्णपुरा म्हणतात. येथून फार दूर नसलेल्या गांधी हॉलच्या मनोऱ्यावर चौफेर तबकड्यांचे घड्याळ आहे. ही इमारत १९०४ साली बांधली गेली. तिचे मूळ नाव किंग एडवर्ड हॉल, आणि १९४८ साली तिला महात्मा गांधींचे नाव दिले गेले. लोक मात्र तिला घंटाघर म्हणूनच ओळखतात. मनोऱ्यावरचे घड्याळ सर्वांचे असते. खिशातले घड्याळ एकट्याचे असते, आणि म्हणूनच त्याचे भवितव्यही एका घराच्या निर्णयावर अवलंबून असते.

हा निर्णय पुष्कळदा असा समोर येतो. जुन्या घराची आवराआवर निघते. आजोबांच्या पेटीत, रेशमी कापडाच्या घडीत, एक जाडजूड गोल वस्तू सापडते. वरची डबी उघडली तर आत दुसरी डबी, ती उघडली तर आत पांढरी तबकडी, रोमन आकडे आणि बारीक काटे. पाठीवर उठावाची चित्रे असतात. घड्याळ बंद असते, किल्ली हरवलेली असते, आणि घरातील कोणालाच ते चालू असल्याचे आठवत नाही. मग कोणीतरी म्हणतो, ‘सराफ्यात नेऊन वजन करून घ्या, निदान चांदीचे पैसे तरी येतील.’ राजवाड्याजवळचा सराफा हाकेच्या अंतरावर असतो. तासाभरात डबी मुशीत जाते आणि आतले यंत्र कागदात गुंडाळून परत मिळते. पुढे ते लहान मुलांच्या हाती लागते, आणि चाके, कमान, साखळी अशी त्याची वाटणी होऊन जाते.

अशा घड्याळाला मोडीत घालावे की जपावे, हा प्रश्न भावनेचा आहे असे समजले जाते. वस्तुतः तो आधी ज्ञानाचा आहे. हातात काय आहे हे ठाऊक असल्यावाचून त्याची किंमत कोणालाही ठरविता येत नाही, आणि सराफाचा तराजू तर तिच्यातील फक्त एकच गोष्ट मोजतो.

प्रथम हे घड्याळ माळव्यात आले कसे, ते पाहू. आपल्याकडे कालमापनाचे ज्ञान काही कमी नव्हते. इंदूरपासून जवळच असलेली उज्जयिनी ही भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा मानली जाई. अहोरात्राच्या साठ घटिका आणि एका घटिकेची साठ पळे, अशी आपली विभागणी होती. आजच्या मापाने एक घटिका म्हणजे २४ मिनिटे आणि एक पळ म्हणजे २४ सेकंद. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवीत. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. ‘घड्याळ’ हा आपला शब्दही या घटिकेच्याच कुळातला आहे. परंतु घटिकापात्र खिशात घालून हिंडता येत नाही. ते चालावयाचे तर पाणी स्थिर हवे, पात्र सपाट जागी हवे आणि त्याच्याजवळ माणूस बसलेला हवा. चालत्या माणसाबरोबर चालणारा काळ ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई झाली आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूर झाली आणि इंग्रजांचा रेसिडेंट येथे राहू लागला. रेसिडेन्सीबरोबर इंग्रजी कचेरी आली, टपाल आले, लष्करी छावणी आली, आणि या सर्वांना लागणारी वेळही आली. नजराणा म्हणून, बक्षीस म्हणून, खरेदी म्हणून इंग्रजी घड्याळे संस्थानी दरबारांत आणि दरबारी मंडळींच्या घरांत शिरली. अंगरख्याच्या जागी कोट आला तेव्हा खिसा आला, आणि खिशाबरोबर घड्याळाचा अछोडा छातीवर रुळू लागला. अछोडा हे मानाचे चिन्ह होते. घड्याळ दिसले नाही तरी चालेल, पण अछोडा दिसला पाहिजे, अशी त्या काळची थोडीशी हौसही त्यात होती.

आता हातातील वस्तूकडे वळू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्रजी घड्याळांची एक ठरलेली ठेवण होती, ती म्हणजे दुहेरी डबी. आतली डबी साधी, गुळगुळीत असे. तिच्यात यंत्र बसविलेले असे आणि किल्ली घालण्यासाठी तिच्या पाठीला एक भोक असे. त्या भोकातून धूळ आत शिरू नये म्हणून वरून दुसरी डबी घालीत. बाहेरची डबी अशी गरजेतून जन्मली, परंतु एकदा ती जन्मल्यावर कारागिरांना सजावटीसाठी एक मोकळी पाठ मिळाली. यंत्राला धक्का न लावता तिच्यावर हवे ते करता येई. शोभा ही उपयोगाच्या अंगणात वाढली, असे म्हणावयास हरकत नाही.

या सजावटीचे प्रकार अनेक. काही डब्या कासवाच्या पाठीच्या पातळ पत्र्याने मढविलेल्या असत आणि त्यावर चांदीच्या शेकडो चिमुकल्या खिळ्यांनी नक्षी केलेली असे. काहींवर कातडे चढविलेले असे. काहींवर मिन्याचे काम असे. जयपूरची मीनाकारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या कामाचे तत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. रंगीत काचेची पूड धातूवर पसरून भट्टीत तापवावयाची, म्हणजे ती वितळून धातूला कायमची चिकटते. परंतु अठराव्या शतकातील लंडनचा खास मानला गेलेला प्रकार म्हणजे उठावाच्या चित्रांची डबी.

उठावाचे काम आपल्या सोनारांना अपरिचित नाही. राळेच्या थरावर धातूचा पातळ पत्रा ठेवावयाचा. राळ धातूला आधारही देते आणि ठोका बसला की थोडी दबतेही. पत्र्याच्या मागच्या बाजूने ठसे आणि हातोडी यांनी चित्र पुढे ढकलावयाचे. मग पत्रा उलटा करून पुढच्या बाजूने बारीक ठशांनी चेहरे, कपड्यांच्या चुण्या, झाडांची पाने रेखाटावयाची. या कामात धातू काढून टाकला जात नाही, तो फक्त सरकविला जातो. रुपयाहून थोड्या मोठ्या जागेत चार-पाच माणसे, मागे एखादा महाल आणि वर ढग, इतके सगळे बसवावयाचे असते. एक ठोका अधिक पडला तर पत्रा फाटतो आणि सारी मेहनत वाया जाते. चित्रांचे विषय बहुधा ग्रीक-रोमन पुराणांतले किंवा बायबलमधले असत. या कामात नाव मिळविलेला कारागीर म्हणजे जॉर्ज मायकेल मोझर. तो जन्माने स्विस असला तरी लंडनमध्येच त्याने काम केले. १७६८ साली इंग्लंडात रॉयल अकादमी ही कलासंस्था स्थापन झाली, तेव्हा तिचा पहिला कीपर म्हणून याच मोझरची निवड झाली. घड्याळाच्या डब्या घडविणाऱ्या माणसाला चित्रकारांच्या आणि शिल्पकारांच्या पंक्तीत मानाचे पान मिळाले, यावरून या कलेची त्या काळची योग्यता कळते.

खरे उठावाचे काम ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बाहेरची डबी उघडून तिच्या आतल्या बाजूकडे पाहावे. चित्र मागून ठोकून काढलेले असेल तर आतल्या बाजूस तेच चित्र खोलगट, उलटे झालेले दिसते. साच्यात ओतून केलेल्या नकलेत आतली बाजू बहुधा सपाट असते.

येथेच धातूचाही विचार केला पाहिजे. सोन्यासारखी दिसणारी प्रत्येक डबी सोन्याची नसते. लंडनचा घड्याळजी ख्रिस्तोफर पिंचबेक हा १७३२ साली वारला. त्याने तांबे आणि जस्त यांचे असे मिश्रण केले होते की ते हुबेहूब सोन्यासारखे दिसे. त्या मिश्रणाला त्याचेच नाव पडले. शिवाय सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळी डब्याही पुष्कळ असत. अशी डबी मुशीत घातली तर हाती येते ते केवळ पितळ, आणि कारागिरी मात्र कायमची नाहीशी होते. चांदीच्या डबीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. इंग्रजी प्रमाणाच्या चांदीत दर हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी असते. समजा, दोन्ही डब्या मिळून ६० ग्रॅम भरल्या, तर त्यात शुद्ध चांदी साडेपंचावन्न ग्रॅम. जेवणाच्या एका लहानशा वाटीइतकीच ती चांदी. वाटी पुन्हा घडविता येते, डबी येत नाही.

चांदीच्या किंवा सोन्याच्या इंग्रजी डबीवर आतल्या बाजूस बारीक छाप असतात. सराफाच्या भिंगातून ते वाचता येतात आणि त्यांच्यावरून घड्याळाची जन्मपत्रिकाच मांडता येते. उजव्या बाजूचा पंजा उचलून चालणारा सिंह असेल तर ती प्रमाणित चांदी. चित्त्याचे मुख असेल तर लंडनच्या कचेरीची तपासणी. १८२१ पर्यंत या मुखावर मुकुट असे, पुढे तो गेला. नांगर असेल तर बर्मिंगहॅम, आणि ही कचेरी १७७३ साली सुरू झाली. लिव्हरपूलकडील घड्याळांच्या डब्यांवर पुष्कळदा चेस्टरच्या कचेरीचा छाप सापडतो. या छापांशेजारी एक सुटे अक्षर असते. हे अक्षर दर वर्षी बदले. लंडनमध्ये वीस अक्षरांचे एक आवर्तन पूर्ण झाले की ढालीचा आकार किंवा अक्षराचे वळण बदलून दुसरे सुरू होई. म्हणून अक्षर, त्याचे वळण आणि ढाल ही तिन्ही जुळवून पाहिली की डबी कोणत्या वर्षी तपासली गेली हे सांगता येते. दोन्ही डब्यांवर एकच वर्ष आणि डबी करणाऱ्याची एकच आद्याक्षरे असली म्हणजे जोडी मूळची आहे असे समजावे. आत यंत्रावर एक क्रमांक कोरलेला असतो. हा सारा पुरावा डबीबरोबर मुशीत वितळतो.

आता यंत्र. ते चालते ते एका कमानीच्या जोरावर. पोलादाची लांब पट्टी गुंडाळून एका पिंपात बसविलेली असते. किल्ली दिली म्हणजे ती घट्ट होते आणि सुटू पाहते. हे सुटू पाहणे म्हणजेच घड्याळाची शक्ती. परंतु या शक्तीत एक दोष आहे. कमान पुरती घट्ट असते तेव्हा तिचा जोर अधिक असतो आणि सुटत जाते तसा तो कमी होतो. असे असेल तर घड्याळ सकाळी धावेल आणि रात्री रेंगाळेल. यावर जुन्या कारागिरांनी काढलेला उपाय म्हणजे शंकूच्या आकाराचे एक चाक. त्याच्यावर खालून वर चढत जाणारी नागमोडी खाच असते आणि त्या खाचेत एक चिमुकली साखळी बसते. साखळीचे दुसरे टोक कमानीच्या पिंपाला जोडलेले असते. किल्ली नुकतीच दिलेली असते तेव्हा जोरकस कमान शंकूच्या निमुळत्या टोकाला ओढते. कमान दमत जाते तशी साखळी शंकूच्या रुंद भागाकडे उतरते. जड धोंडा उचलताना हाताचा जोर कमी पडला की मजूर लांब पहार घेतो, तेच हे तत्त्व. जोर घटला, पण तरफ वाढली, म्हणून चाकांना पोहोचणारी शक्ती जवळजवळ सारखी राहिली.

ही साखळी पाहण्यासारखी असते. सायकलच्या साखळीचे जणू ते सूक्ष्म रूप. वीतभराहूनही कमी लांबीत शेकडो कड्या आणि खिळे असतात. १७९० पासून इंग्लंडच्या दक्षिणेकडील क्राइस्टचर्च या गावी या साखळ्या करण्याचा धंदा वाढला, आणि तो मुख्यतः बायकांच्या आणि मुलांच्या हातांनी वाढला. गावच्या अनाथालयासारख्या गरीबखान्यातील मुलेही या कामाला लावली जात. नुसत्या डोळ्यांना नीट न दिसणाऱ्या कड्या दिवसभर जोडीत बसल्याने त्यांची दृष्टी अधू होई. श्रीमंताच्या खिशातील काळ सारखा चालावा म्हणून कोणा एका गरीब मुलीच्या डोळ्यांचा प्रकाश खर्च झाला आहे, हे त्या साखळीकडे पाहताना विसरता येत नाही.

कमानीचा जोर चाकांतून पुढे जातो, परंतु त्याला अडविले नाही तर सगळी कमान काही क्षणांत सुटून जाईल. म्हणून शेवटच्या चाकापाशी एक पहारेकरी असतो. जुन्या घड्याळांत हे शेवटचे चाक मुकुटासारखे असते आणि त्याचे दात वर उभे असतात. त्याच्यासमोर एका बारीक दांडीवर दोन पाती असतात आणि त्याच दांडीवर तोलाचे चाक बसविलेले असते. मुकुटाचा एक दात एका पात्याला ढकलतो. तोलाचे चाक फिरते, तो दात निसटतो, तोच समोरचा दात दुसऱ्या पात्यावर आपटतो. चाक परत फिरते. हे अडविणे आणि सोडणे म्हणजेच आपल्याला ऐकू येणारी टिकटिक. या रचनेला व्हर्ज म्हणतात. यंत्राच्या पाठीवर तोलाच्या चाकाला झाकणारी एक जाळीदार पितळी तबकडी असते. तिच्यावर वेली, फुले, पक्षी, कधी मुखवटे कोरलेले असतात. मालकाला ती क्वचितच दिसे. दिसे ती दुरुस्ती करणाऱ्याला. तरीही कारागिराने तिच्यात कसूर केली नाही.

घड्याळाच्या अचूकपणाचा इतिहास या तोलाच्या चाकाशी बांधलेला आहे. १६७५ साली हॉलंडचा शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने या चाकाला केसासारखी बारीक वळलेली कमान जोडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक याने तो शोध आपलाच असल्याचे सांगितले, आणि त्यावरून वाद माजला. वाद काहीही असो, घड्याळांचे मात्र कल्याण झाले. त्याआधी खिशातले घड्याळ दिवसाकाठी तासाच्या भागाइतकेही चुके, म्हणून त्याला बहुधा एकच काटा असे. आता चूक काही मिनिटांवर आली आणि मिनिटांचा काटा सर्रास दिसू लागला. टॉमस टॉम्पियन आणि त्याच्या हाताखाली पुढे आलेला जॉर्ज ग्रॅहॅम यांनी लंडनच्या घड्याळांना युरोपात नाव मिळवून दिले. टॉम्पियन १७१३ साली आणि ग्रॅहॅम १७५१ साली वारला. दोघेही वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये एकाच थडग्यात विसावले आहेत. १७०४ साली निकोलस फातिओ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणकाला भोक पाडून त्यात चाकाची अणी फिरविण्याची युक्ती लंडनमध्ये पेटंट केली. अठराव्या शतकाच्या मध्यास टॉमस मज याने लिव्हरची रचना शोधली, आणि पुढील दोनशे वर्षे जगातील बहुतेक चांगल्या घड्याळांनी तीच उचलली.

या साऱ्या परंपरेचे शिखर म्हणजे जॉन हॅरिसनचे चौथे समुद्री घड्याळ. ते १७५९ साली पुरे झाले. दिसावयास ते एक मोठे खिशातले घड्याळच आहे. चांदीची दुहेरी डबी, पांढरी तबकडी, आणि रुंदी सुमारे १३ सेंटिमीटर. १७६१ च्या नोव्हेंबरात ते जहाजाने जमैकाकडे निघाले. तेथे पोहोचल्यावर हिशेब केला तेव्हा त्याची चूक अवघी सुमारे पाच सेकंद भरली. समुद्रावर आपण पूर्व-पश्चिमेस कोठे आहोत हे कळण्यास निघालेल्या बंदराची वेळ बरोबर असावी लागते. ती नसल्यामुळे शेकडो खलाशी प्राणांस मुकले होते. येथे एक साधा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. दिवसाची मिनिटे १४४०. म्हणजे दिवसाला एक मिनिट चुकणाऱ्या घड्याळाची चूक १४४० भागांत एक भाग झाली. ज्याला आज आपण ‘खराब’ घड्याळ म्हणून हसतो, त्याच्याइतका काटेकोर कारभार माणसाने करावा म्हटले तर किती जणांना जमेल?

यंत्रावर कोरलेले नाव वाचून मात्र हुरळून जाऊ नये. इंग्रजी घड्याळ हे एका माणसाचे काम क्वचितच असे. कच्चे यंत्र लँकेशायरमधील प्रेस्कॉटच्या बाजूस होई. लंडनमधील क्लर्कनवेल भागात आणि पुढे कॉव्हेंट्रीत एक जण चाके, एक जण काटे, एक जण तबकडी, एक जण डबी करी. जुळणी करणारा निराळा आणि मुलामा देणारा निराळा. हा मुलामा पाऱ्याच्या साहाय्याने दिला जाई, आणि त्या वाफांनी कारागिरांची प्रकृती ढासळे. यंत्रावर नाव कोरले जाई ते बहुधा शेवटी विकणाऱ्याचे. शिवाय लंडनच्या घड्याळांची कीर्ती पाहून युरोपात इतरत्र केलेल्या घड्याळांवर ‘लंडन’ असे कोरून ती खपविली जात. म्हणून नाव, छाप, तबकडी आणि यंत्राची ठेवण ही चारही एकमेकांशी जुळतात का, हे जाणकाराने पाहावे लागते.

दोन डब्यांच्या मध्ये पुष्कळदा एक गोल कागद किंवा कापडाचा तुकडा सापडतो. घरातील लोक तो कचरा समजून फेकतात. तो फेकू नये. डब्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून तो घालीत, परंतु घड्याळ दुरुस्त करणारे त्याच्यावर आपले नाव छापीत आणि मागे दुरुस्तीची तारीख लिहीत. काही कागदांवर सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतील फरकाचे कोष्टक छापलेले असे. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य घड्याळापेक्षा सुमारे १६ मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे १४ मिनिटे मागे. ज्या काळी सूर्यछायेवरून घड्याळ लावीत, त्या काळी या कोष्टकावाचून चालत नसे.

घड्याळ लावावयाचे ते कोणत्या वेळेवर, हा प्रश्न इंदूरलाही होता. इंदूरच्या माथ्यावर सूर्य येतो तेव्हा आजच्या भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे सरासरीने दुपारचे सुमारे साडेबारा, म्हणजे १२ वाजून साडेसव्वीस मिनिटे झालेली असतात. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, आणि १८७० च्या दशकात खांडव्याहून इंदूरपर्यंत आगगाडी आली. त्या काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, आणि ती इंदूरच्या सूर्याच्या सुमारे १८ मिनिटे पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबई शहराने तर आपली निराळी वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, १९५५ पर्यंत सोडली नाही. खिशात घड्याळ असणाऱ्या माणसाला अशा रीतीने तीन-तीन वेळांचा हिशेब ठेवावा लागे. ज्याच्या सूर्यावर दिवस चालतो तो गाव एकीकडे, आणि ज्याच्या शिट्टीवर गाडी सुटते तो कारभार दुसरीकडे. जुन्या घड्याळाचे काटे या ओढाताणीचे साक्षीदार आहेत.

इंग्रजी घड्याळांचा धंदा ज्या रीतीने खाली आला तीही शिकण्यासारखी आहे. १७९७ साली पंतप्रधान पिट याने घड्याळांवर वार्षिक कर बसविला. लोकांनी घड्याळे विकत घेणे थांबविले, हजारो कारागीर उपाशी पडले, आणि १७९८ साली कर मागे घ्यावा लागला. परंतु खरा घाव कराचा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेत वॉल्थम येथे यंत्रांनी सारखे सुटे भाग करून घड्याळे जुळविली जाऊ लागली. स्वित्झर्लंडनेही तो मार्ग धरला. इंग्रज कारागीर मात्र शंकू, साखळी आणि किल्ली यांना चिकटून राहिले. त्यांचे काम उत्तम होते, पण महाग होते आणि जाड होते. पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ खिशातून मनगटावर आले, आणि दुहेरी डबी पेटीच्या तळाशी गेली.

मग आज अशा घड्याळाचे काय करावे? पहिली गोष्ट, ते चालू करण्याची घाई करू नये. आतले तेल वाळून चिकट झालेले असते, आणि साखळीला पावसाळी हवेने गंज चढलेला असतो. सापडेल ती किल्ली घालून जोर केला तर साखळी तुटते, आणि तुटलेली साखळी सुटत्या कमानीबरोबर इतर भागांनाही इजा करते. आधी ते खोलून स्वच्छ करवावे, आणि तेही शंकूचे यंत्र ज्याने हाताळले आहे अशाच घड्याळजीकडून. दुसरी गोष्ट, डबी चकचकीत करण्याच्या भरीस पडू नये. पावडरीने घासले की उठावाच्या चित्रांतील नाके, बोटे आणि डोळे झिजतात आणि छापही पुसतात. मऊ कोरड्या कापडाने पुसले म्हणजे पुरे. तिसरी गोष्ट, तबकडीला बोट लावू नये. ती मिन्याची असते, आणि तडकली तर पूर्ववत होत नाही. चौथी गोष्ट, दोन्ही डब्या, किल्ली, अछोडा, कागद ही एकत्र ठेवावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांस जे आठवते ते लिहून सोबत ठेवावे. घड्याळ कोणाचे, कोणी दिले, केव्हा, एवढे चार ओळींत लिहिले तरी त्या वस्तूला वाचा फुटते.

विकावयाचेच झाले तर वजनावर विकू नये. जाणकाराकडून छाप वाचून घ्यावेत, छायाचित्रे काढून ठेवावीत आणि मग निर्णय करावा. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या, कला, कारागिरी किंवा शास्त्र यांची साक्ष देणाऱ्या वस्तूही येतात आणि अशा वस्तू खाजगी व्यक्तीने देशाबाहेर पाठविण्यास बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे. कोणाला घरात सांभाळणे अवघड वाटत असेल तर संग्रहालये आहेत. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय तर अशाच घरगुती वस्तूंच्या प्रेमातून उभे राहिले. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात एका इंग्रजी घड्याळातून दर तासाला एक लहानसा पुतळा बाहेर येऊन ठोके देतो, आणि ते पाहण्यासाठी आजही माणसे गर्दी करतात. काळ मोजण्याची साधने आता सर्वांच्या हाती आहेत, तरीही काळ चालताना पाहण्याची माणसाची हौस संपलेली नाही.

इंदूरने पुष्कळ गमावलेही आहे. राजवाडा आगीत सापडला तो एकदा नव्हे, अनेकदा, आणि शेवटची आग १९८४ सालची. दगड पुन्हा रचता आले, लाकूड पुन्हा घडविता आले. परंतु जळालेल्या वस्तूंतील मूळ हात परत आणता आले नाहीत. आग आणि दंगल यांच्यापुढे माणूस असहाय असतो, पण मुशीपुढे तो असहाय नसतो. तेथे वस्तू तो स्वतःच्या हाताने नेतो.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर ज्यांनी मूर्ती कोरल्या त्या पाथरवटांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. लंडनच्या डबीवर ज्याने ठोके घातले, क्राइस्टचर्चच्या खोलीत जिने कड्या जोडल्या, त्यांचीही नावे घड्याळावर नाहीत. छत्री मोठी असल्यामुळे ती मोडीत घालण्याचा विचार कोणी करीत नाही. घड्याळ मुठीत मावते, म्हणून ते सहज जाते. सराफाच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरच्या माणसाने एकदा बाहेरची डबी उघडून तिच्या आतल्या बाजूस ते उलटे चित्र आहे का, एवढे पाहावे. ते पाहिल्यावर कदाचित तो पायरीवरूनच मागे फिरेल.